मधला खड्डा

गाडीतली बेअरिंगं फिरण्यासाठी असतात. एकोणीस इंची रिमचं चाक एका किलोमीटरला जवळजवळ पाचशे वेढे घेतं, आणि तितकेच वेढे त्याचं बेअरिंगही घेतं. मोटरसायकलच्या हँडलच्या बेअरिंगचं तसं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं तरी ते पाव वेढाही पुरा करत नाही, आणि सरळ रस्त्यावर तर दोन-तीन अंशांपलीकडे हलतच नाही. पुढच्या चाकाला बसणारा प्रत्येक धक्का मात्र त्याच्यातूनच चासीत जातो. तेच छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, तीच जागा, आणि वरून हजारो ठोके. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे पावसाळ्यात एक फेरी मारा, म्हणजे ठोके किती ते हातालाच कळेल. रस्त्यावरचा खड्डा मागे पडतो. त्याची खूण बेअरिंगच्या वाटीत राहते.

जुन्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत यांच्या हँडलात वाटी, कोन आणि सुटे छर्रे अशी मांडणी असते. सायकलच्या चिमट्यात असते तीच, फक्त आकाराने मोठी. आपल्याकडे सगळ्या संचाला कोनसेट म्हणतात, कुणी बॉल रेसर म्हणतात. चासीच्या गळ्यात वर एक वाटी, खाली एक वाटी. टीच्या, म्हणजे फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या जोडाच्या, दांड्यावर खाली एक कोन घट्ट बसवलेला, आणि वरचा कोन नटाने खाली दाबलेला. मधे छर्रे. यात मोडण्यासारखं काही नाही, म्हणूनच याच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

स्वीडनचे योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली धातूचा कडकपणा मोजण्याची एक पद्धत मांडली: १० मिमीचा कडक गोळा ३००० किलोच्या दाबाने धातूत दाबायचा आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्र्यांत ओतकाम तपासलं जातं तिथे ही चाचणी रोजच्या कामातली आहे. आपल्या हँडलात होतं ते हेच. वाटीला छर्र्याचे डाग पडले की त्याला ब्रिनेलिंग म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

पण खड्ड्यात आदळून पडलेला डाग आणि सरळ चालून चालून पडलेली खाच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरीच जास्त गाड्यांचं हँडल खाते. बेअरिंग पुरेसं फिरत नाही, त्यामुळे छर्र्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं ते परत आत येत नाही. मग लोखंडावर लोखंड बारीक थरथरतं, त्याची पूड निघते, ती गंजते आणि पॉलिश पेपरसारखी आणखी घासत राहते. महिनोन्‌महिने एकाच जागी उभी असलेली किंवा ट्रकमधून दोरखंडाने आवळून आणलेली गाडीसुद्धा अशीच खराब होते. खालची वाटी उघडली की तांबूस चिखल दिसतो आणि माणूस म्हणतो, खानापूरकडची लाल माती गेली आत. तो चिखल चिमटीत घेऊन चोळून बघा. जांभ्याच्या मातीत कचकच लागते. ही पूड गेरूसारखी मऊ असते, बोटाच्या रेषांत शिरते आणि रॉकेलनेसुद्धा लवकर जात नाही. ती माती नाही, तुमच्या वाटीचंच लोखंड आहे.

तपासणी सोपी आहे, पण गाडी डबल स्टँडवर असूनही पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असलं तर ती करण्यात अर्थ नाही. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक देऊन चाक पूर्ण हवेत घ्या. आधी हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधे येताच ते अडकल्यासारखं झालं, जणू खोबणीत बसलं, तर वाटीला खाच पडलेली आहे. अशी गाडी चालवताना सरळ रेषेत राहत नाही. जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे, असे बारीक झोके घेत जाते, आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात ते का, हे त्याला कळत नाही.

मग खाली बसा, एक्सलजवळ फोर्कची दोन्ही टोकं धरा आणि पुढे-मागे ढकला. दुसऱ्या माणसाला वरच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. खेळ बोटाखाली जाणवला तर तो कोनसेटचा. बोटाला काही लागलं नाही, पण फोर्क हलतोय, तर शॉकअपच्या नळ्या आणि बुश झिजलेत, आणि कोनसेट बदलून पैसे वाया जातील. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवायची आणि ‘टक’ आवाज ऐकायचा, ही रीत सगळीकडे चालते. ड्रम ब्रेकच्या गाडीवर मी तिच्यावर विसंबून राहत नाही. ब्रेक प्लेट जिथे फोर्कमध्ये अडकवलेली असते तिथला खेळही तसाच ‘टक’ करतो.

सामान घेताना जपा. जुन्या बुलेटला वर १९ आणि खाली १९, असे पाव इंची ३८ छर्रे लागतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमी नव्हे, आणि हा फरक दुकानात गल्ल्यावर उभं राहून डोळ्यांना दिसत नाही. म्हणून व्हर्नियर खिशात असू द्या. जावा-येझदीच्या मापाबद्दल ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. गाडीतून निघालेले छर्रे मोजा आणि पार्ट्सच्या पुस्तकाशी ताडून बघा, कारण मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणी काय घातलंय याचा नेम नसतो. छर्रे नेहमी पूर्ण नवे आणि एकाच पाकिटातले घ्या. जुन्यात चार नवे मिसळले तर नवे केसभर मोठे निघतात, सगळा भार त्या चारांवर येतो आणि वाटीला चारच ठिकाणी खोल डाग पडतात.

वाट्यांचा कडकपणा दुकानातच तपासता येतो. बारीक दातांची कानस वाटीच्या बाहेरच्या कडेवर, छर्रा फिरतो तिथे नव्हे, हलकेच ओढा. कानस काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर माल चांगला. तिने चावा घेतला आणि चकचकीत कीस निघाला तर वाटी कच्ची आहे, पॅकिंग कितीही चांगलं असो. कच्ची वाटी पहिल्याच पावसाळ्यात खाच घेते. ज्या गाडीचं सामान मिळतच नाही तिची वाटी लेथवर करून घेता येते, आणि त्यासाठी बेळगावसारखं गाव शोधून सापडणार नाही. उद्यमबागेत किंवा मच्छ्यात ईएन ३१ हे पोलाद सांगा, त्यांना पुढचं समजतं. फक्त एक गोष्ट आपण आठवणीने सांगायची: हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग. तेलात विझवल्यावर वाटी थोडी वाकतेच. लेथवर तंतोतंत केलेलं माप भट्टीतून बाहेर येताना तसं राहत नाही. म्हणून छर्रा फिरतो त्या वाटेवर आणि बाहेरच्या व्यासावर ग्राइंडिंगपुरता माल आधीच शिल्लक ठेवावा लागतो.

उघडायला सुरुवात करण्यापूर्वी टाकी काढून दूर ठेवा. एक तर हँडल आपटून तिला पोचा येतो, आणि दुसरं, वेल्डिंगची वेळ आली तर पेट्रोल जवळ नको. बॅटरीची तार सोडा. हेडलाइटमधल्या जुन्या वायरींचं वेष्टन कडक झालेलं असतं, वाकवलं की तुटतं, म्हणून प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधा आणि फोटोही काढा. चाक, मडगार्ड, मग हँडल. हँडलच्या केबली सोडायची गरज नाही. टाकीच्या जागी जाड कापड घालून हँडल तसंच मागे झोपवा. बुलेटचे जुने नट इंची मापाचे आहेत. त्यांना मिलीमीटरचा पाना ‘जवळजवळ’ बसतो आणि कोपरे खातो. कॅस्केट, म्हणजे हेडलाइट धरणारा बुलेटच्या फोर्कचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं ओतकाम आहे, त्याच्यावर हातोडी नको. त्याला दांड्यावर आवळून धरणारा पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढा, फटीत लाकडाची पातळ पाचर हलकेच सारा, मग ते दांड्यावरून आपणहून ढिलं होतं.

शेवटचा नट काढण्यापूर्वी खाली जुनी चादर पसरा. परात नको, परातीत छर्रे उड्या मारतात. एका हाताने टीला खालून आधार द्या आणि दुसऱ्या हाताने नट सोडा. टी बोटभर खाली आली की खालचे छर्रे आधी गळतात. वरचे जुन्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटून राहतात, काही वेळा दांड्याबरोबर गळ्याच्या नळीत उतरतात. मोजून डबीत ठेवा. एक कमी भरला तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. नळीत राहिलेला छर्रा पुढे दांडा आणि वाटीच्या मधे येतो.

आता वाटी रॉकेलने धुवा, कोरडी पुसा आणि उन्हात धरा. डोळ्यांना नुसती एक झाक दिसेल, कधी तीही नाही. साधं बॉलपेन घ्या आणि टोक वाटीच्या वाटेवरून गोल फिरवा, वजन न देता. पेनाच्या टोकाचीही एक गोळीच आहे. चांगल्या वाटीत ती एकसारखी वाहत जाते. खाच आली की किंचित उतरते, चढते, पुन्हा उतरते, आणि हे उतार-चढाव छर्र्यांच्या अंतराने येतात, बहुतेक वेळा पुढच्या आणि मागच्या बाजूला, कारण धक्क्याचा भार तिथे येतो. पेनाने एकही उतार सांगितला तर वाटी बदलायची. जुन्या वाट्यांवर नवे छर्रे घालणं म्हणजे नव्या पोराला जुन्या खोबणीत बसवणं. महिनाभर बरं वाटतं.

जुनी वाटी काढायला लांब सळई लागते, १२ ते १६ मिमीची, टोक चौकोनी कापलेलं. वरची वाटी खालून ठोकायची आणि खालची वरून. एकाच बाजूला मारत राहिलात तर वाटी तिरकी होऊन गळ्याची जागा खरवडते. एक ठोका इकडे, एक समोर, पुन्हा इकडे. काही गाड्यांत सळई टेकवायला आतून कडाच नसते. तिथे वेल्डिंगची युक्ती चालते: वाटीच्या आतून गोल एक पातळ बीड, म्हणजे वेल्डची रेघ, ओढायची, अर्थिंगचा चिमटा वाटीच्या अगदी जवळ लावून. वेल्ड थंड होताना आकसतं आणि वाटीला आत ओढतं. पाच मिनिटांनी ती कधी कधी हातातच येते. खालचा कोन दांड्यावरून निघत नसेल तर ग्राइंडरने त्याला एक चीर द्या, पण दांड्याला पात्याचा स्पर्श होण्याआधी थांबा. उरलेलं काम छिन्नीच्या एका ठोक्याने होतं. दांड्यावर पडलेली चीर म्हणजे पुढे मोडण्याची जागा.

नवी वाटी हाताने आत जाऊ लागली तर काळजीची गोष्ट आहे. याचा अर्थ गाडी बरीच वर्षं ढिल्या कोनसेटवर चालली आणि गळ्याची जागा लांबट झाली. पंचने खुणा मारून वाटी घट्ट करतात, तसं करू नये. ती चार टोकांवर तरंगते आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा ढिली होते. फट केसभर असेल तर बेअरिंग पक्कं करणारं लॉकटाइट ६३८ पुरतं, दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित स्वच्छ करून. जास्त असेल तर गळा बोअर करून स्लीव्ह बसवणं हाच उपाय.

वाटी योग्य घट्ट असेल तर तिला आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, ओलावा लागू नये म्हणून पिशवीत. ५० मिमी व्यासाची पोलादी वाटी उणे १८ अंशांवरून काढली तर आपल्या पावसाळी हवेच्या मानाने ती साधारण ०.०२६ मिमी आकसलेली असते. ऐकायला काहीच नाही, पण घट्टपणाचं मापही तेवढ्याच घरातलं असतं. गळा गरम पाण्याच्या फडक्याने शेकून घ्या. बसवण्यासाठी हातोडीपेक्षा आट्यांची लांब सळई, दोन जाड चकत्या आणि दोन नट चांगले. नट आवळत जा, वाटी सरळ ओढली जाते. हातोडीच वापरायची असेल तर मधे जुनी वाटी धरा, बाहेरून थोडी घासून बारीक केलेली आणि एका जागी चिरलेली, म्हणजे ती आत अडकत नाही. वाटी तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, ‘ठप्प’चा ‘टण’ होतो. तरी ०.०५ मिमीचं फीलर गेज कडेने घालून बघा. कुठेही आत शिरता कामा नये.

ग्रीस भरपूर. चाकाच्या बेअरिंगमध्ये जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस भरतात, जास्त भरलं तर ते घुसळून तापतं. हे बेअरिंग तापण्याइतकं फिरतच नाही. इथे रिकामी जागा म्हणजे पाण्याला दिलेली जागा. पाण्याला दाद न देणारं, दोन नंबरचं ग्रीस घ्या, वाटी काठोकाठ भरा, आणि उरलेलं दांड्याला व गळ्याच्या आतल्या बाजूला फासा, गंज धरू नये म्हणून. छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवा. वाटी भरली की सगळ्यांमिळून अर्ध्या ते एका छर्र्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. ‘अजून एक मावतोय’ म्हणून दाबून बसवलेला छर्रा बाकीच्यांना एकमेकांवर घासायला लावतो. खालचे छर्रे टीवरच्या कोनावर चिकटवा, वरचे वरच्या वाटीत, आणि टी सरळ वर न्या. तिरकी झाली की एखादा निसटतो, आणि तो निसटल्याचा आवाज ग्रीसमुळे येत नाही.

आता आवळणं. सगळं काम इथे जमतं किंवा बिघडतं, आणि इथेच घाई होते. आधी एक गोष्ट बघा: खालच्या टीचे फोर्क धरणारे पिंच बोल्ट ढिले आहेत ना? ते आवळलेले असतील तर फोर्कच्या नळ्या वरचा आणि खालचा भाग एका ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतात. वरचा नट कितीही फिरवा, कोन खाली सरकत नाही. नट घट्ट लागतो, आत खेळ तसाच. ‘आवळलं तरी पुन्हा ढिलं होतं’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यातून निघते.

मग नट जरा जोर देऊन आवळा, हँडल पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, म्हणजे छर्रे आणि वाट्या आपापल्या जागी बसतात. नट पूर्ण ढिला करा. पुन्हा आवळा, पण या वेळी फक्त बोटांनी, खेळ जाईपर्यंत. तिथून पान्याने अगदी थोडं. आटे एक मिलीमीटर अंतराचे धरले तर वेढ्याच्या आठव्या भागात कोन ०.१२५ मिमी खाली येतो, म्हणजे कागदाच्या पानाच्या जाडीएवढा. छर्र्यांच्या कोनसेटला हेही पुष्कळ आहे. आमच्याकडच्या गॅरेजात मेस्त्री मराठीत बोलत असतात, गिऱ्हाईक कन्नडमध्ये उत्तर देतं, पण हा नट आवळणाऱ्या पोराला थांबवण्याचा शब्द एकच ऐकू येतो: ‘साकु.’ पुरे. तो अर्ध्या हालचालीच्या आधी यावा लागतो. उशिरा आला तर छर्रे पहिल्याच दिवशी वाटीत रुततात, आणि ती खाच नट परत ढिला करून जात नाही.

वरचा लॉकनट आणि कॅस्केटचा पिंच बोल्ट आवळला की मधली घट्टाई बदलते. आट्यांमधली फट निघून जाते आणि कोन आणखी थोडा दाबला जातो. म्हणून सगळं आवळून झाल्यावर परत तपासायचं, आणि फोर्कचे खालचे पिंच बोल्ट सर्वांत शेवटी. चाक बसवा, हवेत ठेवा, हँडल सरळ करा आणि टोकाला बोटाने टिचकी मारा. चाक आपल्या वजनाने त्या बाजूला टोकापर्यंत पडलं पाहिजे, तसंच दुसऱ्या बाजूला. अर्ध्यात थांबलं तर आधी क्लचची केबल आणि वायरिंग ताणली जातेय का ते बघा, नटाला नंतर हात लावा. ढिल्या हँडलची गाडी ब्रेक दाबला की थडथडते. घट्ट हँडलची गाडी हळू चालताना झोकांड्या खाते. दुसरी जास्त धोक्याची, कारण तिचा आवाज येत नाही.

छर्र्यांऐवजी टेपर रोलर, म्हणजे निमुळते दंडगोल, घालावेत का, हा प्रश्न येतोच. रोलर रेषेवर भार घेतो, छर्रा बिंदूवर, त्यामुळे रोलरला खाच उशिरा पडते. कणकुंबीच्या पावसात रोज जाणाऱ्या गाडीला ते घालण्याचा मोह मी समजू शकतो. पण उंची जुळवायला चकत्या लागतात, कधी गळ्यात बदल करावा लागतो, आणि घट्टाईचा हिशेबही वेगळा असतो, टेपरला थोडा आधीचा दाब हवाच असतो. मूळ मांडणी जपणाऱ्याने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९५५ पासून मद्रासला तयार झालेल्या बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरला तयार झालेल्या जावा याच छर्र्यांवर याच रस्त्यांनी धावल्या. त्यांना नवीन बेअरिंगपेक्षा वेळेवर ग्रीस जास्त हवं आहे.

नवा कोनसेट दोन-तीनशे किलोमीटरवर किंचित बसतो. तेव्हा एकदा नट तपासायचा, न विसरता. त्यानंतर वर्षातून एकदा पुरे. आमच्या भागात त्यासाठी ठरलेला दिवस आहेच: खंडेनवमीला, शेजारचे ज्याला आयुधपूजा म्हणतात, प्रत्येक गाडी धुतली जाते आणि झेंडूची माळ त्याच हँडलला पडते. पाऊस नुकताच संपलेला असतो, खालच्या वाटीत काय शिरलंय ते बघण्याची वेळ हीच. धुताना वॉशिंग सेंटरच्या पोराला सांगा की प्रेशरची नळी हँडलखाली, टीच्या सांध्यावर रोखू नकोस. तिथलं सील पावसासाठी केलेलं आहे, त्या धारेसाठी नाही. मग चाक हवेत घ्या आणि माळ घालण्यापूर्वी एक टिचकी मारून बघा.